तीन पाळ्यांचं जेवण

१९०६ च्या जानेवारीत मुंबईत घड्याळावरून संप झाला होता. त्या वर्षीच्या पहिल्या तारखेपासून सरकारनं देशभर एकच प्रमाणवेळ लागू केली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढं. जेकब ससून गिरणीतल्या कामगारांनी नव्या वेळेला हरकत घेतली आणि काम बंद केलं. पुढं महापालिकाही हटून बसली. तिची घड्याळं १९५५ पर्यंत जुनी मुंबई वेळच दाखवत राहिली. हा किस्सा बहुतेक ठिकाणी परक्या सरकारविरुद्धचा राग म्हणून सांगतात, आणि तो राग होताही. पण मी पडले खानावळवालीची मुलगी. माझं डोकं लगेच दुसरा हिशेब मांडतं. गडी ३९ मिनिटं आधी गिरणीच्या फाटकाशी पोचायचा असेल तर त्याची भाकरी ३९ मिनिटं आधी तव्यावर पडली पाहिजे, त्याच्याआधी पीठ मळलं पाहिजे, त्याच्याआधी पाणी भरलं पाहिजे. गड्यानं साहेबाशी भांडून घेतलं. चुलीपुढच्या बाईनं कोणाशी भांडायचं?

हे आठवायचं कारण माझी भाची. ती आयटीत आहे आणि २०२० च्या टाळेबंदीपासून घरूनच काम करते. घरून काम करताना दिवस कसा आखावा यावर तिच्या कंपनीनं एकदा व्याख्यान ठेवलं होतं. सांगणारे गृहस्थ म्हणाले म्हणे, की घर आणि नोकरी एका छपराखाली नांदवायची पाळी माणसावर पहिल्यांदाच आलीय. माणसावर असेल बाबा. बायकांचं म्हणाल तर लालबाग-परळमध्ये हा संसार शंभर वर्षं चालला होता, तोही दहा बाय बाराच्या खोलीत, वीस-पंचवीस परक्या पुरुषांची ताटं मांडून.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला काढली, दोन वर्षांनी तिथून सूत निघू लागलं. नंतर भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, शिवडी, वरळी असा चिमण्यांचा पट्टाच उभा राहिला. माणसं आली कोकणातून आणि घाटावरून. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतली दोन लाखांवर माणसं एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती. आणि हे आले ते पुरुष. त्याच जनगणनेत शहरात हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे बायका होत्या. बायको गावाकडं, कारण पाऊसपाण्याला शेत कसायला कोणीतरी हवं, आणि मुंबईत बिऱ्हाड करायला पगार पुरत नव्हता. गाळ्यात दहा-पंधरा गाववाले एकत्र राहात. एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरायची. झोपेची सोय अशी लागली. जेवणाची कोण लावणार?

ती लावली त्या थोड्या बायकांनी, ज्या नवऱ्याबरोबर मुंबईत होत्या किंवा इथंच विधवा झाल्या होत्या. गिरगावात पाटपाण्याच्या, सोवळ्याओवळ्याच्या खानावळी होत्या; त्यांच्यावर मराठीत पुष्कळ लिहून झालंय, विनोदही झालेत. गिरणगावातली खानावळ म्हणजे पाटी नाही, टेबल नाही, गल्ला नाही. गावची कोणी वहिनी किंवा मावशी. तिच्या खोलीत दोन्ही वेळ जेवायचं आणि पगाराला पैसे द्यायचे, एवढाच करार. जात आणि गाव पाहून मेंबर होत, हेही सांगायला हवं. आम्ही पाटण तालुक्यातले; आमच्या खोलीत सगळे आमच्याच खोऱ्यातले. शेजारच्या मालवणच्या बाईंकडं बांगड्याच्या तिखल्याचा वास सुटला, की आमचे मेंबर नाक वर करून बसायचे, पण पंगत बदलायची टाप नव्हती.

आता पाळ्यांकडं येते, कारण सगळा दिवस त्यांनीच कापलेला होता.

सुरुवातीच्या गिरण्या उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत. विजेचे दिवे आले आणि दिवस लांबला. मग एकेक कायदा येऊन तो आखडत गेला; १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानं आठवड्याला ४८ तासांची आणि दिवसाला नऊ तासांची हद्द घातली. गड्याचा दिवस आखडला हे चांगलंच झालं. मालकानं मात्र गिरणी बंद ठेवली नाही. दुसऱ्या महायुद्धात कापडाला तेजी आली आणि चोवीस तास साचे फिरू लागले. पहिली पाळी सकाळी सात ते दुपारी साडेतीन. दुसरी साडेतीन ते रात्री बारा. तिसरी बारा ते सकाळी सात. गड्याच्या वाट्याला यातली एक पाळी यायची. खानावळवालीच्या वाट्याला तिन्ही.

माझ्या आईचा १९७० च्या सुमारासचा दिवस सांगते, म्हणजे हे कळेल.

नळ पहाटे चारला यायचा आणि तासा-सव्वातासात जायचा. आई साडेतीनला उठायची. चाळीच्या टोकाला सामाईक नळ, तिथं हंड्यांची रांग. पिंप आणि तीन हंडे भरले की मग तिला दिवस सापडला. कोळशाच्या शेगडीवर आमटीचं पातेलं आणि रॉकेलच्या स्टोव्हवर तवा. सहापर्यंत तीस-पस्तीस भाकऱ्या. पहिल्या पाळीवाल्यांत काही जण खाऊन जायचे, काही डबा न्यायचे, कारण त्यांची जेवणाची सुट्टी अकराच्या आसपास, अर्ध्याच तासाची. साडेसहाला पहिला भोंगा. आमच्या आजूबाजूला इतक्या गिरण्या होत्या, की कान तयार झालेला माणूस भोंग्याच्या आवाजावरून गिरणी ओळखायचा.

सात वाजून गेले की तिसऱ्या पाळीवाले यायचे, अंगाखांद्यावर, भुवयांवर कापसाची पांढरी पूड घेऊन. आंघोळ, जेवण, मग गाळ्यावर जाऊन झोप. ते ताटावर असतानाच आम्ही तिघं भावंडं शाळेला निघायची तयारी करत असू, त्यांच्या पाठीमागून, मोरीच्या कडेनं. आठला आणखी एक जात यायची, बदलीवाल्यांची. बदली कामगार म्हणजे रोज सकाळी फाटकावर उभा राहायचा. कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी आत, नसेल तर परत. परत आलेला माणूस जेवणार की नाही, हे त्यालाही माहीत नसायचं आणि आईलाही. म्हणून आई पिठाचा अंदाज बांधताना रोज फाटकाचा अंदाज बांधायची. सणाच्या तोंडावर, सुगीत, गणपतीत माणसं गावाला जायची, तेव्हा बदल्यांना काम मिळायचं आणि आईच्या भाकऱ्या कमी व्हायच्या. एखाद्या गिरणीत कापडाला उठाव नाही हे कळायला आईला वर्तमानपत्र लागत नव्हतं. आठ वाजता दारात किती चपला आहेत त्यावरून कळायचं.

नऊनंतर बाजार, धान्य निवडणं, दळण. बारा ते एक हा आमचा वेळ. शाळेतून आलो की जेवण, आणि त्या तासात कुठलाही मेंबर आत यायचा नाही, असा आईचा दंडक. यायचाच कोणी तर गॅलरीत थांबायचा. "माझी पोरं जेवत्यात, दादा," एवढंच ती म्हणायची, आणि सहा फुटी गडी बाहेर कठड्याला टेकून विडी ओढत उभा राहायचा. अडीचला दुसऱ्या पाळीवाल्यांची पंगत, कारण त्यांचा भोंगा साडेतीनचा. ती उठते न उठते तो पहिल्या पाळीवाले सुटून चहाला हजर. रात्रीचं जेवण साडेसात-आठला. अकराला तिसऱ्या पाळीवाले खाऊन निघणार. आणि बारा वाजता सुटलेले दुसऱ्या पाळीवाले सव्वाबाराला दारात.

बेरीज केली तर आईची सलग झोप साडेबारा ते साडेतीन. तीन तास. उरलेली दिवसा, नऊनंतरच्या किंवा पंगतीमधल्या फटीत, भिंतीला टेकून.

माझा धाकटा भाऊ झाला त्या वर्षी आईनं दोन गोष्टी केल्या. एक, दुसऱ्या पाळीवाल्यांची रात्रीची ताटं वाढून, जर्मनच्या थाळीनं झाकून ती गॅलरीत कडीपाटाच्या फळीवर ठेवू लागली; ज्याचं त्यानं घ्यावं, गॅलरीतच बसून जेवावं, ताट मोरीच्या बाहेर विसळून उपडं घालावं. उंदरांसाठी थाळीवर वरवंटा. कालवण गार झालं अशी तक्रार करणाऱ्याला तिनं दुसरी खानावळ बघायला सांगितलं. दोन, तिसऱ्या पाळीचा मेंबर घेणं तिनं बंद केलं. सहा-सात माणसं गेली. वडील म्हणाले, महिन्याचं केवढं नुकसान. आई म्हणाली, "झोप काय इकत मिळती का?" वडील साचेखात्यात होते, त्यांना दिवसाला नऊ तासांवर काम पडलं की दुप्पट दरानं ओव्हरटाइम मिळायचा, कायद्यानं. त्यामुळं हा प्रश्न त्यांना समजायला अवघड गेला नसावा. ते गप्प बसले.

माझ्या मते आईनं तिच्या आयुष्यात वेळेचं जे काही नियोजन केलं ते हे एवढंच. बाकी सगळं भोंग्यानं केलं. आणि म्हणूनच वेळापत्रकांच्या उपदेशांवर माझा विश्वास बसत नाही. कुठल्या वेळी काय करायचं हे ठरवून फार फरक पडत नाही. कुणाचं काम घ्यायचं नाही हे ठरवता आलं तर पडतो. आईला ते ठरवता आलं, कारण घरात वडिलांचा पगार येत होता. चाळीच्या दुसऱ्या टोकाला एक विधवा बाई खानावळ घालायच्या. त्यांनी तिन्ही पाळ्या शेवटपर्यंत सांभाळल्या. त्यांचे डोळे कायम लाल असायचे, आणि आम्हा पोरांना वाटायचं की त्या रागीट आहेत.

खोलीबद्दल थोडं. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला १९२० च्या दशकात सरकारनं बीडीडी चाळी बांधल्या, २०७ इमारती. तिथली खोली १६० चौरस फुटांची. आमची चाळ खासगी, खोली त्याहूनही लहान. माळा होता म्हणून निभावलं. माळ्यावर धान्याचे डबे, मेंबरांच्या दोन-चार ट्रंका, आणि आमचा अभ्यास. खाली पंगत चालू असली की शिडी उचलून ठेवावी लागायची, नाहीतर वाढताना अडथळा. म्हणजे एकदा वर गेलं की पंगत उठेपर्यंत खाली येणं नाही. माझे पाढे असे पाठ झाले. धूर सगळा वर यायचा, ही वेगळी गोष्ट.

रविवारचं तंत्र आणखी निराळं. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळं. त्यांनी १८८४ साली मुंबईत कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० पासून रविवार मोकळा झाला. तोवर गडी बिनसुट्टीचा राबत होता, तेव्हा या उपकाराचं मोल कमी नाही. पण सुट्टीच्या दिवशी माणूस काय करतो? चवीनं जेवतो. रविवारी सकाळी आमच्याकडं मटण. पाट्यावर वाटण घालायला दोन तास, आणि सगळ्या पाळ्यांचे मेंबर एकाच वेळी हजर, तिसऱ्या पाळीवाले आले नाहीत तरी तीन पंगती. आठवड्यातला सर्वांत जड दिवस तोच. यावर तोडगा खानावळवाल्यांनी आपसांत काढला: रविवारी संध्याकाळी चूल बंद. मुंबई-पुण्याच्या पुष्कळ खानावळींवर आजही ही पाटी दिसते. कुठल्या कायद्यानं हे दिलेलं नाही, कुठल्या युनियननं मागितलेलं नाही. आठवड्यातून एक वेळ. त्या संध्याकाळी आई आम्हाला घेऊन राणीच्या बागेत जायची किंवा नुसतीच चाळीच्या पायरीवर पाय पसरून बसायची. मेंबर भेळ खाऊन झोपायचे.

या बायका गिरणीतच का गेल्या नाहीत, असं कोणी विचारील. गेल्या होत्या. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाचातली एक कामगार बाई होती, मुख्यतः रिळं भरणाऱ्या वाइंडिंग खात्यात. बायकांना रात्रीच्या कामाला बंदी करणारा कायदा १८९१ पासून होता. १९२९ साली बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला. दोन्ही कायदे बायकांच्या भल्याचे. मालकांनी त्यातून आपला अर्थ काढला: जी बाई तिसऱ्या पाळीला चालत नाही आणि जिला बाळंतपणाचा भत्ता द्यावा लागतो, तिची जागा पुरुषाला दिलेली बरी. यंत्रं बदलली, वाइंडिंगमधली माणसं कमी झाली, त्यात पहिल्या कमी झाल्या बायका. १९८२ चा संप झाला तेव्हा गिरण्यांत शेकड्याला पाच बायकाही उरल्या नव्हत्या. माझी आजी, आईची आत्या खरी, रिळांवर होती. तिची नोकरी गेली आणि तिनं चार मेंबर घेतले. आईनं ते तिच्याकडून घेतले. रातपाळीचं काम बाईला झेपणार नाही म्हणून ज्यांना गिरणीबाहेर काढलं, त्या बायका रात्री सव्वाबाराला ताटं वाढत होत्या. आमच्या खोलीत मात्र कुठलाही निरीक्षक कधी तास मोजायला आला नाही.

पैशाचं गणित सोपं आणि जीवघेणं होतं. गिरणीचा पगार महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास व्हायचा, म्हणजे मेंबर महिनाभर उधारीवर जेवायचा. आईला किराणा रोज लागायचा. वाणी उधार द्यायचा, पण भाव आपला लावायचा. रेशनिंग मुंबईत मे १९४३ ला सुरू झालं. तेव्हापासून मेंबरांची कार्डं खानावळवालीकडं राहू लागली, आणि आमच्याकडंही कार्डांचा गठ्ठा असे, दोऱ्यानं बांधलेला. रेशनच्या रांगेत अर्धा दिवस जायचा, तो वेळ पुन्हा आईच्या दुपारच्या झोपेतूनच वजा. अडीनडीला सावकार. व्याज रुपयाला दहा पैसे, महिन्याला. आईचं डोरलं आम्ही वर्षातून काही महिनेच तिच्या गळ्यात बघायचो.

इथं प्रेमा पुरव यांचं नाव घ्यायला हवं. गोवा मुक्तीच्या लढ्यात पायात गोळी लागलेली ही बाई, पुढं मुंबईत कम्युनिस्ट पक्षाचं आणि कामगारांचं काम करू लागली. गिरणगावात संप झाले की गड्यांना जेवू कोण घालतं, हे तिनं पाहिलेलं. संपात युनियनचा फंड आठवड्याभरात आटायचा; महिनोन्महिने पोट चालायचं ते खानावळवालीच्या उधारीवर. १९२८ चा संप सहा महिने चालला, दीड लाख कामगारांचा. तेव्हाही तसंच झालं असणार, जरी संपाच्या इतिहासांत पुढाऱ्यांची भाषणं सापडतात आणि भाकऱ्यांचा हिशेब सापडत नाही. पुरव यांनी १९७५ साली चौदा खानावळवाल्यांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ ला झालं होतं, आणि १९७२ पासून गरिबांना चार टक्के व्याजानं कर्ज देणारी योजना होती. मंडळातल्या बायकांना तिच्यातून कर्ज मिळायचं. तारण काय, तर एकीला दुसरी जामीन. गटातली एक थकली की बाकीच्यांना भरावं लागणार, म्हणून पगाराच्या दिवशी सगळ्या एकमेकींच्या दारात.

आईला दीड-दोन वर्षांनी पंधराशे रुपये मिळाले. मी पुढं तीस वर्षं बँकेत नोकरी केली, कर्जाचे अर्ज हाताखालून हजारोंनी गेले, पण त्या पहिल्या अर्जाचा नमुना अजून डोळ्यापुढं आहे, कारण तो मीच भरला. रोजचे कामाचे तास असा रकाना नव्हता. महिन्याची उलाढाल असा होता. आईनं तोवर उलाढाल कधी काढलेली नव्हती. वही होती, पण ती मेंबरवार: नाव, गाव, पाळी, खाडे, जमा, बाकी. खाडा म्हणजे न जेवलेली वेळ, तिचे पैसे वजा. आम्ही दोघी रात्री वही घेऊन बसलो आणि बेरीज आली ती वडिलांच्या पगाराच्या दुपटीच्या वर. त्यातून सामान, कोळसा, रॉकेल, व्याज वजा जाता उरणारी रक्कम वडिलांच्या निम्म्यालाही पोचत नव्हती, हे खरं. तरी वडील ती बेरीज बराच वेळ बघत राहिले. सावकाराचं देणं त्याच महिन्यात फिटलं. पहाटे साडेतीनला उठणं मात्र फिटलं नाही. कर्जानं व्याज कमी झालं, तास नाही.

आणि आता आक्काबद्दल, कारण तिच्याशिवाय हा हिशेब खोटा ठरेल. माझी मोठी बहीण सातवीनंतर शाळेत गेली नाही. कोणी तिला शाळेतून काढली असं नव्हतं. दुपारच्या पंगतीला एक जण कमी पडायचं, म्हणून ती आधी शनिवारी राहू लागली, मग बाजाराच्या दिवशी, मग धाकट्याचं दुखणं निघालं तेव्हा, आणि मग शाळेचं नाव पटावरून आपोआप गेलं. आईला साडेनऊला पाठ टेकता यायची ती आक्का निवडत, वाटत, भांडी घासत असायची म्हणून. मला माळ्यावर पाढे पाठ करता आले तेही तिच्यामुळंच. गिरणगावातल्या खानावळींचं कौतुक करताना, त्या बायकांनी संसार आणि धंदा कसा लीलया पेलला वगैरे लिहिताना, हे सोडून देतात. लीलया काही नव्हतं. जवळजवळ प्रत्येक खानावळीत एक मोठी मुलगी होती. आक्का आता सत्तरीला टेकलीय, हिशेबात आजही माझ्यापेक्षा चलाख आहे. शाळेचा विषय निघाला की ती उठून चहा ठेवते.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार, साठ गिरण्या. पहिले दोन-तीन महिने आमच्याकडं पंगती चालू होत्या, वहीत बाकी वाढत होती. मग मेंबर गावाकडं जाऊ लागले. जाताना सांगून जायचे, वहिनी, संप मिटला की पहिला पगार तुमचा. संप मिटला असं कोणी कधी जाहीर केलंच नाही. निम्मे परत आले नाहीत, आले त्यांतल्या पुष्कळांना आत घेतलं नाही. भोंगे एकेक करून थांबले. आईला पहिल्यांदाच सहा-सात तास झोप मिळू लागली आणि तिला ती लागेना. अन्नपूर्णातल्या काही बायकांनी ऑफिसांचे डबे, कँटीन, लग्नाची जेवणं अशी वाट धरली. आईनंही काही वर्षं बँकेतल्या माझ्या सहकाऱ्यांचे डबे दिले. साडेबाराचा एक डबा, संध्याकाळी सुट्टी. ती म्हणायची, हे काय काम आहे? १९८६ ला तिनं तेही थांबवलं. वहीतली बाकी तशीच राहिली. दोन मेंबरांनी मात्र गावाहून मनिऑर्डरी पाठवल्या, एकानं चार वर्षांनी.

२०१९ साली केंद्र सरकारनं देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात आणि पुरुषांची ९७, असं त्यात निघालं. भाचीनं मला हे आकडे दाखवले; तिच्या घरी काय प्रमाण आहे ते मी विचारलं नाही. तिला एवढंच सांगितलं, की तुझ्या आजीचा बाराचा तास होता तसा एक तास तूही दाराबाहेर थांबव. मीटिंगवाल्यांना गॅलरीत उभं कर.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जुन्या आवारात कापडगिरण्यांचं संग्रहालय उभारायचं काम महापालिकेनं हाती घेतलंय. तिथं साचे येतील, चात्या येतील, भोंगाही येईल. माझी मागणी एका खोलीची आहे: शेगडी, काटवट, जर्मनची ताटं, दोऱ्यानं बांधलेली रेशनकार्डं आणि खानावळीची वही. आमची वही मी द्यायला तयार आहे. तुमच्या घरात, माळ्यावर, गावाकडच्या पेटीत अशी एखादी वही असेल, तर कृपा करून रद्दीत घालू नका. तिच्यात कोण कोणत्या पाळीला होता आणि किती वेळा उपाशी राहिला, हे लिहिलेलं आहे. गिरण्यांच्या दप्तरांत ते नाही.